मत आणि मागणी

रॅरिटन नदीवरच्या अरुंद लाकडी पुलाच्या मधोमध माझी बैलगाडी आली, आणि समोरून त्याची घोडागाडी. माझ्या गाडीत सफरचंदांची सहा पिंपं, त्याच्या गाडीत नुसते छापील कागद.

"बाई, जरा मागे घेता का?" तो म्हणाला.

"बैल मागे चालत नाहीत. घोडे चालतात म्हणे..."

"चालतात हो. पण हा रिपब्लिकनांचा घोडा आहे. आणि तुमच्या टोपीवर ते काळं फूल —"

काळ्या फितीचं फूल म्हणजे आम्हा फेडरलिस्टांची खूण. त्याच्या कोटावर लाल-पांढरं-निळं होतं.

"म्हणजे तुमच्या पक्षात घोड्यांनासुद्धा अक्कल गहाण ठेवावी लागते?" मी विचारलं.

तो मोठ्यानं हसला. खाली उतरला, लगाम धरून गाडी पार पुलाच्या टोकापर्यंत मागे नेली. मी शेजारून गेले तेव्हा टोपी काढून म्हणाला, "गेरिट व्होरहीस. पण एवढी एकच माघार हं!"

तो १८०० सालचा सप्टेंबर होता. बाबा वर्षापूर्वी गेले होते. सफरचंदांची बाग आणि घर माझ्या नावावर, आणि सोबतीला हुल्डा आत्या. आमच्या न्यू जर्सीत पन्नास पौंडांची मालमत्ता असेल त्याला मत होतं, मग तो पुरुष असो की बाई. मात्र बाई बिनलग्नाची किंवा विधवा हवी. लग्न झालं की मालमत्ता नवऱ्याची, आणि मत कुणाचंच नाही. यंदा मी पहिल्यांदा मत देणार होते.

बाबांच्या तरुणपणी सगळे एकाच बाजूला होते, इंग्रजांच्या विरुद्ध. 'पक्ष' हा शब्द ते शिवीसारखा उच्चारायचे. आता गावाची सरळ दोन शकलं झाली होती. चर्चमध्ये अ‍ॅडम्सची माणसं डावीकडे बसत, जेफरसनची उजवीकडे; पहिले आम्ही फेडरलिस्ट, दुसरे रिपब्लिकन. ऑक्टोबरात निवडून येणारी विधानसभाच राष्ट्राध्यक्षासाठी राज्याचा कौल देणार होती, म्हणून एकेक मत दोन्हीकडचे लोक दारोदार फिरून मागत होते.

माझ्या दारात गेरिट आला. मग पुन्हा आला. मग रोजच.

"केझाया, तुम्हाला एवढं मोठं सरकार कशाला हवं? कर लावायला?"

"बाबा इंग्रजांविरुद्धच्या लढाईत बर्फात अनवाणी उभे होते, गेरिट. तेरा राज्यं एकमेकांची तोंडं बघत बसली, बुटांना पैसे कुणी देईना. म्हणून हवं."

तो चरकात सफरचंदं टाकत राहिला. मग हळूच म्हणाला, "माझ्या भावानं राष्ट्राध्यक्षांवर, तुमच्या अ‍ॅडम्सवर, एक विनोद छापला. चार महिने तुरुंगात होता. बाहेर आला तो खोकतच."

त्या दिवशी आम्ही भांडलो नाही. रसानं त्याची बोटं चिकट झाली होती. मी तांब्यानं पाणी ओतलं... आणि पाणी संपल्यावरही त्यानं हात पुढेच ठेवले.

मतदानाला दहा दिवस उरले असताना, बाहेर पावसाची भुरभुर चालू होती तेव्हा, तो एकदम म्हणाला, "केझी, माझ्याशी लग्न कर. याच रविवारी लग्न लावायला सांगतो पाद्रीबुवांना."

माझ्या तोंडाशी 'हो' आलं होतं. इतक्यात आत्या भिजलेल्या शालीनिशी दारात.

"सराईत काय चाललंय ऐकलंस? तो रिपब्लिकनांचा म्होरक्या, कॅप्टन सटफिन, सगळ्यांना सांगत सुटलाय, गेरिटला बायको मिळाली की फेडरलिस्टांचं एक मत मेलं म्हणून!"

मी गेरिटकडे पाहिलं. तो लाल झाला होता.

"हे खरं?"

"कॅप्टन तसं म्हणाला होता. मी त्याला शिव्या घातल्या." तो थांबला. "पण... ऐकलं होतं मी, आणि तुला सांगितलं नाही."

"मग रविवारचीच घाई का?"

त्यानं टोपी उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"नाही," मी म्हणाले. "माझं उत्तर नाही. जा तू."

मंगळवारी मतदान. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता आणि माझा एक बैल लंगडत होता. मतदानाची जागा म्हणजे तीच सराई, सहा मैलांवर. मी बाबांचे बूट चढवले आणि चालायला निघाले. आत्या ओरडत राहिली. गुडघाभर चिखलात पहिला मैल सरला, आणि मागून चाकांचा आवाज आला.

"बस," गेरिट म्हणाला.

"मी कुणाला मत देणार, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. बस."

वाटभर त्याच्या अंगरख्याची ओली लोकर माझ्या खांद्याला लागत होती... मी सरकले नाही.

सराईत टेबलावर मतपेटी होती. मी चिठ्ठी पुढे केली, तोच कॅप्टन सटफिन आडवा आला. "हरकत आहे! हिचं लग्न ठरलंय. कुणी सांगावं, गुपचूप झालंही असेल!"

मतदानावर देखरेख करणाऱ्या म्हाताऱ्यानं चष्मा वर केला. "शपथेवर सांगणारं कुणी आहे?"

खोलीभर माणसं. गेरिट पुढे आला. त्याच्याच पक्षाची सगळी माणसं त्याच्याकडे बघत होती. त्यानं बायबलवर हात ठेवला.

"मी हिला मागणी घातली होती. हिनं मला नाही म्हटलं. स्पष्ट. हिचं लग्न झालेलं नाही आणि ठरलेलंही नाही."

सराई हसून दुमदुमली. कुणीतरी शिट्टी मारली. कॅप्टन त्याच्या पायाशी थुंकला. गेरिट मान वर करून तसाच उभा राहिला, माझी चिठ्ठी पेटीत पडेपर्यंत.

परतताना पाऊस थांबला होता. पुलापाशी मी म्हणाले, "पुन्हा विचार."

"काय?"

"जे विचारलं होतंस ते."

त्यानं लगाम खेचला. "केझी, तुझं मत जाईल. कायमचं."

"ते मला तुझ्याआधीपासून ठाऊक आहे. पण डिसेंबरात देशाच्या काँग्रेससाठी पुन्हा मतदान आहे. ते मत देणार, मग लग्न. थांबशील?"

"तेव्हाही आमच्याविरुद्धच?"

"दोन महिने आहेत... समजावून बघ की!"

त्यानं जीव तोडून समजावलं. रोज, चरकापाशी, चुलीपाशी, बर्फात. आमच्या राज्यानं कौल अ‍ॅडम्सना दिला, पण देशात जिंकले जेफरसन. डिसेंबरात मी मत दिलं आणि जानेवारीत आमचं लग्न झालं. सात वर्षांनी राज्यानं सगळ्याच बायकांचं मत काढून घेतलं. ते वाचून गेरिट माझ्याहून जास्त चिडला.

ते शेवटचं मत मी कुणाला दिलं, हे तो अजून विचारतो. तीस वर्षं झाली. मी सांगितलेलं नाही. माझं होतं ते.