खाली

अविनाश, तो मोबाइल ठेव. लाइट आली की कर काय करायचं ते.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरची चौदा तारीख, शनिवार. दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरात, आमच्या शेजारी दीनानाथ राहायचा, मत्स्य खात्यात होता. काम साधं. गुडगावच्या पलीकडच्या एका तळ्यात शिवडा मासा काय खातो, ते पोट फाडून बघायचं आणि वहीत लिहायचं. शिवडा दिवसा तळाशी पडून राहतो, रात्री निघतो आणि समोर येईल ते अख्खं गिळतो. म्हणून जायचं रात्रीच.

आधी हे काम विश्वनाथकडे होतं. आपलाच मराठी माणूस. एका रात्री होडी परत आली, तो आला नाही. ऑफिसनं चौकशी न करता लिहून टाकलं, फरार. त्याची बायको, वासंतीवहिनी, आमच्याच ब्लॉकमध्ये. दीनानाथ निघाला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "भावजी, यांचं काही कळलं तर सांगा." दोन वर्षं त्या प्रत्येकाला हेच सांगत होत्या. मला ऑफिसचा नुसता संताप यायचा.

होडी तळ्याच्या मध्यावर. कंदील दीनानाथपाशी. दुसऱ्या टोकाला, अंधारात, नाववाला रामफल मासे फाडतोय.

"पहला?"

"खाली."

दीनानाथनं लिहिलं, रिकामं.

"दूसरा?"

"खाली."

रिकामं. तिसरा, चौथा, बारावा... सगळे तसेच. दीनानाथ वैतागला. एवढा अधाशी मासा, आणि तळंभर उपाशी? साहेब वही तोंडावर फेकणार.

"रामफल, ठीक से देखो यार."



दीनानाथनं कंदील उचलला. रामफल झोपला होता. सुरी कोरडी. एकही मासा फाडलेला नाही.

"खाली..."

आवाज फळ्यांच्या खालून आला.

काय म्हणालास, अविनाश? खाली म्हणजे एम्प्टी? अरे, ते हिंदीत. दीनानाथनंही तेच ऐकलं. घरात काय म्हणतो आपण खाली कशाला?

...हं.

सकाळी वही उघडली. प्रत्येक 'रिकामं' खोडलेलं, शेजारी 'खाली'. वासंतीवहिनींनी त्यावर बोट ठेवलं. "हे अक्षर यांचं आहे," म्हणाल्या.

तळ शोधा म्हणून दीनानाथनं वहीसकट अर्ज केला. उत्तर आलं, खाली अर्थात रिक्त, शोधाची आवश्यकता नाही. चार अर्ज केले. चारही परत आले. वहिनी गेल्या, दीनानाथ गेला, तळ कुणी शोधला नाही.

वही माझ्याकडे आहे. दीनानाथची शाई केव्हाच फिकी पडली. 'खाली'वर बोट ठेवलं, तर अजून बोट ओलं होतं.