उतरती नाव

लाइट गेलीय तर जाऊ द्या, इथं ओट्यावरच बसू. वंदना, तू दाराला टेकून बस. रमेश, तू इकडे सरक.

सांगतो ते विनायक पाठकाचं आहे. माझ्याबरोबर मराठी शाळेत मास्तर होता, राहायला सिंधीपुऱ्यात. खोटं बोलणारा माणूस नव्हे. पत्त्यांतसुद्धा त्याला लबाडी जमायची नाही, म्हणून नेहमी हरायचा.

साल छप्पन. एकतीस ऑक्टोबर, बुधवार, धनतेरस. त्या रात्री बारा वाजता आपलं राज्य बदलणार होतं. राजधानी नागपूर सुटणार, भोपाळ येणार. आपल्या मराठी शाळांचं पुढं काय, कोणालाच माहीत नव्हतं. विनायक वाट पाहत बसला नाही. खाली रावेर तालुक्यात, तापीकाठच्या एका गावात त्यानं नोकरी धरली. ते मुंबई राज्यात. बायको निर्मला आणि मुलं रेल्वेनं पुढं गेली. मागं राहिलं सामान. पुस्तकांची दोन कपाटं, जातं, पाळणा. गाव स्टेशनापासून लांब, वाट बैलगाडीची. म्हणून त्यानं उतरती नाव धरली.

काय म्हणालीस? नाव वापस कैसे आती थी? अगं, तेच तर. ती परत यायचीच नाही.

पावसाळाभर तापीच्या आपल्या घाटावर मोठी नाव चालायची. पाणी ओसरलं की तिचं इथलं काम संपायचं, पण खालच्या, रावेरकडच्या घाटाला ती हवी असायची. मग वर्षातून एकदा तिला धारेबरोबर खाली न्यायचे. खडकांतून वर ओढून आणणं शक्य नव्हतं. तिकडेच ती उन्हाळ्यापर्यंत चालायची, मग फळ्या सुट्या करून विकायचे. इथं नवी बांधायचे. रिकामी कशाला न्यायची, म्हणून ज्याला नुसतं जायचंय, परत यायचं नाही, अशाला बसवून घ्यायचे. त्या नावेत बसणाऱ्याला कोणी 'परत कधी येणार' म्हणून विचारत नसे. अपशकून मानायचे.

मी गेलो होतो पोचवायला. मीही विचारलं नाही.

सामान चढवता चढवता दिवस मावळला. खालच्या घाटाचा ठेका एक तारखेला सुरू व्हायचा, म्हणजे पहाटेला नाव तिथं पोचायलाच हवी होती. मागं सुकाणूवर सुकलाल. पन्नाशीचा, नदीवरच जन्म गेलेला. पुढं बांबू घेऊन त्याचा भाचा उखर्डू. आणि मध्ये, जात्याला टेकून, विनायक. तिघंच.

वाटेतल्या दापोरा गावापर्यंत सगळं छान. उखर्डू गुणगुणत होता. काठावरच्या केळीत कोल्हे ओरडत होते.

दापोऱ्याच्या घाटावर कंदील दिसला.

एक बाई उभी होती. कडेवर मूल. कंदील वर करून तिनं हाक मारली, "ओ नाववाले! मले घ्या वो!"

विनायक म्हणाला, "सुकलाल, बाई बोलावतेय."

सुकलालनं नाव धारेच्या मध्ये घातली. कंदील मागं पडला, अंधारात गेला. उखर्डूचं गुणगुणणं थांबलं होतं.

अर्धा तास गेला असेल. नदीला मोठं वळण आहे तिथं. डाव्या हाताला उंच दरड, उजव्या हाताला वाळू.

वाळूवर कंदील.

"ओ नाववाले! मले घ्या वो!"

तीच बाई. तेच मूल.

विनायकाला वाटलं, दुसरी कोणी असेल. पण आवाज... आवाज तोच होता. आणि दापोऱ्याहून इथवर पायवाट नाही. धारेच्या पुढं धावून येईल असं माणूस नाही.

"सुकलाल," तो हळूच म्हणाला, "ही कोण?"

"तिकडं पाहू नका, मास्तर."

"अरे पण कोण?"

मग सुकलाल बोलला. विनायकाकडे न पाहता.

"मालूबाई तिचं नाव. मागल्या साली अशीच नाव उतरवत व्हतो. पाणी लई व्हतं. नाला भरला व्हता, गाडीवाट बंद. तिच्या पोराचा गळा सुजला व्हता, श्वास घेता येत नव्हता. डाक्टर खाली. तिनं हाक मारली... मी ऐकली, मास्तर. थांबवता आली असती. जोर लावला असता तं आली असती काठाले. मी म्हटलं, जाऊ दे. मांगून दुसरी नाव येईन."

"मग?"

"दुसरी नाव कुठून येईन? वर्षातून एकच उतरते." तो थांबला. "ती बसून राहिली. रातभर. सकाळी लोकायले पोरगं सापडलं काठावर. ती नाही सापडली."

विनायकासमोर पाळणा बांधून ठेवलेला होता. त्याच्याकडे त्याला बघवेना.

तिसऱ्यांदा कंदील दिसला तो अगदी जवळ. धार तिथं काठाला घासून जाते. बाईचं लुगडं दिसलं. तिनं मूल दोन्ही हातांनी पुढं धरलं होतं. मान लुळी... या वेळी ती ओरडली नाही. नुसती पाहत होती.

"घ्या तिला," विनायक म्हणाला.

"मास्तर, भलतं काही..."

"दर वेळी नाव पुढंच जाते, सुकलाल. म्हणून ती उभी आहे. घे काठाला."

"आपण तिघं हाओत. बुडालो तं..."

"घे."

सुकलालनं डोळे मिटले. सुकाणू दाबलं. उखर्डूनं बांबू रोवला. नाव वळली, करकरली, वाळूला लागली.

काठावर कोणी नव्हतं.

कंदील नाही. बाई नाही. वाळू. अंधार.



मग नावेचं नाक खाली गेलं.

हळूच. कोणी चढावं तसं. विनायकानं नावेच्या कडेवरून हात खाली सोडला होता, बोटांना पाणी लागलं. मघाशी लागत नव्हतं. चार बोटं... नाव चार बोटं बुडाली होती.

"ढकल," सुकलाल कुजबुजला. उखर्डूनं ढकलली.

उरलेली रात्र नाव धारेबरोबर वाहत राहिली. उखर्डू पुढची जागा सोडून मागं, मामाच्या पायाशी येऊन बसला होता. पुढं कोणी पाहत नव्हतं. एकदा... विनायक म्हणाला, एकदा खोकल्याचा आवाज आला. लहान मुलाचा. मग कोणीतरी थोपटल्यासारखं. मग तेही नाही.

सुकलाल रडत होता. आवाज न करता.

उजाडायच्या आधी खालचा घाट आला. नाव टेकली. आणि पुढचा भाग वर आला. एकदम, हलका होऊन.

सुकलाल सुकाणू सोडून काठावर उतरला, तो तसाच चालत गेला. पुन्हा नावेवर चढला नाही, त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. दापोऱ्यात केळीच्या बागेत राखणीला राहिला.

विनायक मात्र उजेड होईस्तोवर सामानापाशी थांबला. हे त्यानं मला संक्रांतीला आला तेव्हा सांगितलं. माझा हात धरून. मी हसलो नाही.

म्हणाला, वामन, रात्रभर दव पडलं होतं. कपाटं ओली, दोर ओले, माझा सदरा पिळून निघेल असा. नावेची फळी अन् फळी ओली.

पुढं, नाकाशी, एवढीशी जागा कोरडी होती. एक बाई मांडी घालून बसेल एवढी.

मी हात लावून पाहिला, म्हणाला...

ऊब होती.