खोडलेला खडक

रबर कागदावर घासताना जो आवाज होतो ना, तो मी एकदा इथेच ऐकला होता. फार वर्षं झाली. याच शिडं शिवायच्या खोलीत, त्या खिडकीखालच्या टेबलाशी. मी शीड मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझी पुतणी पाठमोरी बसून काहीतरी खोडत होती. खर्र, खर्र. मग फुंकर. पुन्हा खर्र. मला वाटलं, सामानाची यादी चुकली असेल. विचारायला हवं होतं. नाही विचारलं.

दिवे गेलेत तर जाऊ देत. बसा, पोरांनो. भीती वाटली तर सांगा, मी थांबेन. नाही थांबलो तर एकमेकांना धरा.

दोन दिवसांनी ती निघणार होती. ती, तिचा नवरा आणि दोन मुलं, अशी चौघं शिडाच्या बोटीने, वर्षभरासाठी. जावई समुद्रपक्ष्यांचा अभ्यास करणारा. बेटाबेटांवर जायचं, पक्षी मोजायचे, कासवं कुठे अंडी घालतात ते बघायचं, तिथल्या माणसांत राहायचं, असा बेत. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा नऊ. दोघंही त्याच्या पहिल्या बायकोची. ती तापाने गेली होती, त्याला तीन वर्षं झाली होती.

बेत मुळात त्या पहिलीचा. ती पूर्वी त्या बेटांवर राहून आली होती आणि समुद्राच्या नकाशावर तिने ठिकठिकाणी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. इथे देवमासे दिसले. इथलं पाणी रात्री उजळतं. या बेटावर उतरण्याआधी बोटीतूनच हाक मारा, म्हाताऱ्यांना बरं वाटतं. जावई तो नकाशा दोन्ही हातांनी हळूच उलगडायचा, आणि माझी पुतणी त्याच्या हातांकडे बघत राहायची.

पोर वाईट नव्हती. पोस्टातली नोकरी सोडली, तिशी उलटल्यावर पोहायला शिकली, ती त्या मुलांसाठीच. पण जिवंत सवत निदान भांडते, चुकते. मेलेली कधी चुकतच नाही. तिच्यापुढे पुरं कसं पडायचं? म्हणून ही खोडू लागली. एका वेळी एकदोन ओळी. वाचलं की अंगाची आग व्हायची, म्हणून न वाचताच. नवऱ्याने विचारलं तर दमट हवेने पुसलं असेल म्हणायची.

पहिल्याच बेटावर एका म्हातारीने हिच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, ती कुठाय? जावयाने सांगितलं. म्हातारी रडली. शिंपल्यांची माळ काढून तिने मुलीच्या गळ्यात घातली. हिला बसायला चटई दिली, पाहुण्याला देतात तशी. दुसऱ्या बेटावर तेच. तिसऱ्यावर तेच. त्या रात्री हिने नकाशावरच्या चार जागा एकदम खोडल्या.

आता ती रात्र. मंगळवार, एकोणीस तारीख. चंद्र नव्हता. चौथं बेट पहाटे लागणार होतं. बोटीवर रात्री पाळ्या असतात, आणि एकच नियम असतो. सुकाणू धरणाऱ्याने दुसऱ्याला उठवल्याशिवाय सुकाणूचा दांडा सोडायचा नाही. एक ते चार पाळी हिची. खाली तिघं झोपलेली. तिने ती मोजली होती.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिला बोटीच्या नाकावर, अगदी पुढच्या टोकाला, कुणीतरी बसलेलं दिसलं.

बाई होती. पाठमोरी. आपल्या घरच्या पायरीवर बसावं तशी, पाय सोडून.

हिला वाटलं, मुलगी उठून आली. हाक मारली. वाकून खाली बघितलं... मुलगी झोपलेली होती. तिघंही झोपलेली होती.

पुन्हा वर बघितलं. बाई तिथेच.

मला पुतणीने सांगितलं, काका, मी आधी घाबरलेच नाही. मला राग आला. इथेही हीच, असं वाटलं.

ही त्या बाईला म्हणाली, "इथे आता मी आहे."

 वारा. पाणी.

मग ती बाई... न वळता... थोडी बाजूला सरकली. शेजारी जागा केली.

हिचं डोकं फिरलं. उपकार करते माझ्यावर? दांडा सोडला. कुणाला उठवलं नाही. तशीच पुढे निघाली.

मोकळं सुकाणू. बोट वाऱ्याकडे वळली. शीड फडफडलं, कोपऱ्यात फाटलं. बोट थांबली.

आणि मग ऐकू आलं. अगदी समोर. पाणी खडकावर चढतंय... उतरतंय...

जावई बॅटरी घेऊन धावत वर आला. वीस पावलांवर काळा खडक. भरतीला बुडणारा, बोटीवरच्या यंत्रातल्या नकाशातही नसलेला. दांडा धरून ही सरळ गेली असती, तर चौघंही...

नाकावर कुणी नव्हतं.

जावयाने नकाशा काढला. त्या जागी पांढरा डाग. त्याने बॅटरी तिरकी धरली. अक्षर गेलं होतं, पेन्सिलीचा दाब राहिला होता. ओहोटीला खडक वर येतो, रात्री येऊ नका. त्याने वाचलं. हिच्याकडे बघितलं. नकाशा घडी घालून ठेवला.

काय म्हणालास, भूतच ते? मी म्हटलं का भूत? मी शिवणारा माणूस. शिडाचं तेवढं सांगतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी, वर्ष भरल्यावर, ते परत आले आणि शीड माझ्याकडे आलं. कोपऱ्यातली फाट हातभर लांब होती, पण शिवलेली. त्या रात्रीनंतर जावई सकाळी शिवणार होता. सकाळी बघतो तर शिवून झालेलं. त्याला वाटलं हिने शिवलं. हिला वाटलं त्याने. टाके एकसारखे, पक्के, डाव्या हाताने घातलेले. आम्हा लोकांना ते कळतं, टाक्याचा कल उलटा पडतो. त्या चौघांत डावखुरं कुणी नाही. मी बरोबर दिलेली दोऱ्याची दोन्ही रिळं कागदात गुंडाळलेली तशीच परत आली होती.

पहिली डावखुरी होती का? मी विचारलं नाही.

एका संध्याकाळी पुतणी एकटीच आली. म्हणाली, "काका, उसव ते. मी माझ्या हाताने पुन्हा शिवते."

मी उसवायचं पातं तिच्या हातात दिलं. म्हटलं, तूच उसव. ती बसली. पहिल्या टाक्याखाली टोक घातलं. मी दुसरीकडे बघितलं. दोरा तुटल्याचा आवाज येईल म्हणून वाट बघत राहिलो...

आला नाही.

वळून बघितलं तर ती त्या शिवणीवरून बोट फिरवत होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तिने पातं टेबलावर ठेवलं, शीड नीट घडी घालून उचललं, आणि जिना उतरून गेली.