निर्गंज

कोल्हापुरात हल्ली तांबड्या-पांढऱ्या रश्शाच्या वाट्यांबरोबर ताटात एक निळी गोळीही येते. ‘निर्गंज’ तिचं नाव. रस्सा ओरपायचा, गोळी गिळायची आणि मनगटावरची पट्टी हिरवी दिसली की निर्धास्त व्हायचं. प्राणवायूमुळे लोखंडासारखं शरीरही आतून गंजतं, हे आता शेंबडं पोरही सांगतं. गंज वाढला की पट्टी लाल होते. तो फारच कमी झाला तर काय, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

डॉ. वैजयंती शिरगुप्पे यांना ते वीस वर्षांपूर्वीच सुचलं होतं. त्याची शिक्षा म्हणून विद्यापीठाऐवजी त्या आज एका बोळातल्या रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बसत होत्या. आणि ती शिक्षा देणारे त्यांचे मार्गदर्शक, निर्गंजचे जनक प्रा. श्रीरंग कारखानीस, पायाला बँडेज बांधून समोरच्या खुर्चीत बसले होते.

“साधी चप्पल चावली गं. चार महिने झाले, जखम भरतच नाही. साखर नाही, काही नाही, पट्टी हिरवीगार. खरा गंजांक काढावा तर तूच, असं सगळे म्हणतात.”

“वीस वर्षांपूर्वी तुमचं मत वेगळं होतं, सर.”

कारखानीस कसनुसं हसले.

तेव्हा वैजयंतींनी उंदरांवर दाखवून दिलं होतं की गंज पार घालवला तर जखमा भरत नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू मारतात ते याच गंजवणाऱ्या रेणूंनी, आणि नवी कातडी धरण्याचा निरोपही तेच रेणू पोचवतात. पण सरांच्या गोळीचं पेटंट दारात उभं होतं. फेरतपासणीच्या आधी कुणीतरी वैजयंतींचे उंदरांच्या रक्ताचे गोठवलेले नमुने रात्रभर टेबलावर उघडे ठेवले. फ्रीझरची किल्ली एकट्या सरांकडे असायची. उघड्या हवेत रक्त भराभर गंजतं, त्यामुळे आकडे अगदी निरोगी आले आणि त्यांचा शोध पुसला गेला. “मुलगी कष्टाळू आहे, हात मात्र गबाळा,” असं सर समितीला म्हणाले. ते वाक्य वैजयंती आजवर विसरल्या नव्हत्या.

त्यांनी सरांचं रक्त काढलं. त्यात लगेच रोधकाचा थेंब टाकावा लागतो, म्हणजे गंज आहे तिथेच थांबतो. थेंब त्यांच्या हातात होता. तो टाकायला जरा उशीर केला की झालं. आकडा छान येणार, सर खुशीत घरी जाऊन गोळ्या खात राहणार आणि पाय सडत जाणार. जशास तसं! कुठल्या कोर्टाला पत्ता लागला असता? वैजयंतींना या विचाराची चव फार आवडली.

तरी त्यांनी थेंब टाकला. दया आली म्हणून नव्हे. सर काहीच न कळता मेले असते तर वैजयंतींचं समाधान झालं नसतं.

यंत्रावर आकडा उमटला. जवळजवळ शून्य.

“नमुना बिघडला असेल,” सर सवयीने म्हणाले.

“बिघडलेला नमुना वर जातो, सर. खाली नाही. तुम्हीच दाखवून दिलंत ना?”

कारखानिसांची मान खाली गेली. ती खाली गेलेली बघायला वैजयंती वीस वर्षं थांबल्या होत्या, आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

“गोळी बंद करतो,” ते पुटपुटले.

“नुसती बंद करून भागायचं नाही. तुमच्या पेशी गंज तयार करायचंच विसरल्यात. त्यांना पुन्हा कसं शिकवायचं, ते मी शोधणार होते. उद्या पत्रकारांना बोलवा. माझ्या नमुन्यांचं काय केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा. मग मी कामाला लागते.”

“सांगतो.”

इतक्या लवकर होकार येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. सरांनी जरा गयावया तरी करायला हवी होती.

सर मात्र यंत्राकडे बघत होते. जखमी असले तरी हाडाचे संशोधक होते ते.

“इतका खालचा आकडा दाखवायचा तर यंत्र आधी जुळवून घ्यावं लागतं. त्यासाठी असंच गंज नसलेलं रक्त लागतं. तुला ते कुठं मिळालं?”

वैजयंतींनी रक्ताची नळी बूच लावून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “तालमीतल्या पोरांचं. जोर-बैठका मारूनही अंग भरेना, म्हणून वस्ताद घेऊन आले होते.”

“कधी?”

“झाली सहा वर्षं.”

कारखानीस खुर्चीला धरून उठले. बँडेजवर ओल आली होती.

“माझं मी उद्या सांगेन, वैजयंती. पण त्या पोरांना तू गोळी सोडायला सांगितलीस, की माझ्या जखमेची वाट बघत बसलीस?”