सुरवंटाची सही

लिफ्टने तिसरा मजला सोडला, चौथ्याचा विचार केला आणि मध्येच जीव टाकला.

आत दोघंच होते. सुजलेल्या गालावर रुमाल दाबून उभा असलेला एक तिशीतला इंजिनियर आणि ओली छत्री झटकणारी एक तरुणी. पाचव्या मजल्यावरची दातांची डॉक्टर ती हीच. तो निघाला होता तिच्याकडेच, आणि त्याच्या गालावरून तिने ते केव्हाच ओळखलं होतं.

"घाबरू नका. महिन्यातून दोनदा रुसते ही. वॉचमन येतो दहा मिनिटांत," ती म्हणाली. "तोवर वाचायची सोय आहे. ते बघा."

भिंतीवर काचेमागे एक प्रमाणपत्र होतं. 'प्रत्यक्ष पाहणी करून ही लिफ्ट सुरक्षित असल्याचे प्रमाणित करण्यात येत आहे.' खाली सही.

त्याने सही पाहिली आणि दाढेची कळ एकदम थांबली. सही त्याचीच होती... आणि या इमारतीत तो जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकत होता.

"हा आमचा सुरवंट," ती म्हणाली.

"क... कोण सुरवंट?"

"सही बघा ना! सुरवंट शाईत पडला आणि कागदावर येऊन मेला. माझी आई सातव्यावर राहते. गेल्या महिन्यात पाऊण तास अडकली इथे. तेव्हापासून खाली उतरलेली नाही. हा सुरवंट भेटू दे एकदा, भूल न देता दाढ काढते त्याची!"

इंजिनियरने रुमाल गालावरून तोंडावर ओढून घेतला.

गप्प बसण्याची ही कला त्याच्या अंगी आजची नव्हती. आठ वर्षांचा असताना त्याने घरातलं गजराचं घड्याळ उघडून पुन्हा जोडलं होतं. जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला. तो त्याने कंपासपेटीत दडवला. दुसऱ्या दिवशी गजर झाला नाही, वडिलांची मुलाखत हुकली आणि "चावी द्यायला विसरलीस" म्हणून आईने बोलणी खाल्ली. पोरगं खालमानेनं दूध पीत बसलं. पुढे तेच पोरगं वर्गात पहिलं आलं, इंजिनियर झालं, लिफ्ट तपासणाऱ्या कंपनीत लागलं, सुट्टीच्या दिवशी जुनी घड्याळं दुरुस्त करू लागलं. लोक म्हणायचे, केवढा छंद! छंद कसला, प्रायश्चित्त ते. पण प्रायश्चित्ताचीही चटक लागते. मागच्या वर्षी असंच एक भिंतीवरचं जुनं घड्याळ बघायला जायचं म्हणून त्याने या लिफ्टच्या कागदावर टेबलाशी बसूनच सही ठोकली होती. आदल्या वर्षी ठीक होती, यंदाही असेलच की.

लिफ्ट सुरू झाल्यावर दवाखान्यात तिने त्याची दाढ पाहिली. "काढावी लागेल. या फॉर्मवर सही करा."

"थांबली दुखायची!" तो खुर्चीतून उठलाच.

पण दाढ काही त्याच्या मताची नव्हती. चार दिवसांनी तो परत आला. गोळ्या घेतल्या, सही टाळली. मग पुन्हा आला. दवाखान्यातलं घड्याळ सात मिनिटं मागे होतं, ते दुरुस्त करून दिलं. मग तिच्या आईचं घड्याळ नीट करायला सातव्यावर जिन्याने जाऊन आला. पाच भेटींत दाढ जागची हलली नव्हती. माणूस मात्र पार हलला होता.

"सहीला एवढं भिणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय," ती त्याच्या तोंडात आरसा घालून म्हणायची. "बँक लुटलीत की कुठे लग्न करून पळालात?"

"अं-अं."

"कशाला अं-अं? बँकेला की लग्नाला?"

ती हसली की डाव्या गालावर खळी पडायची, आणि ती खळी बघताना त्याला नेमका सुरवंट आठवायचा.

सहाव्या भेटीत ती आपणहून जवळ येऊन बसली. आवाज हळू.

"एक काम होतं. आई म्हणते, तो घड्याळवाला इंजिनियर लिफ्ट ठीक आहे म्हणाला, तर मी उतरेन. तुमच्या शब्दावर हं... जगात दुसऱ्या कुणाच्या नाही. सांगाल?"

मान हलवली असती तर काम भागलं असतं. ओठांवर 'हो' आलाही होता. पण डोळ्यांपुढे दुधाचा पेला आला... आणि मान खाली घालून उभी असलेली आई.

"फॉर्म द्या," तो म्हणाला.

त्याने सही केली. सुरवंट कागदावर आडवा पडला.

ती बघत राहिली. मग तिने कागद उलटा ठेवला.

"प्रत्यक्ष पाहणी?"

"आलोच नव्हतो... घड्याळ बघायला गेलो होतो."

"आणि सहा वेळा इथे येऊन माझं सगळं ऐकत राहिलात?"

धरणीने पोटात घ्यावं म्हणावं, तर पाचव्या मजल्यावर धरणी कुठली?

"दाढ राहू दे," ती म्हणाली. "आधी लिफ्ट बघा."

तो गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेला, लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरला. ब्रेकचे पट्टे झिजून कागदाएवढे झाले होते. त्याने लिफ्टला कुलूप घातलं आणि दारावर पाटी लावली : 'लिफ्ट बंद. मी न तपासता सही केली होती.' खाली तीच सही. ऑफिसात जाऊन साहेबांनाही सांगितलं. त्याचा सहीचा अधिकार वर्षभरासाठी गेला.

अकरा दिवस दुरुस्ती चालली. इमारत जिना चढता-उतरता त्याला शिव्या मोजत होती आणि तो कारागिरांना हत्यारं देत खाली उभा होता. पाचव्या मजल्यावरची डॉक्टर रोज शेजारून जायची. पहिले आठ दिवस एक शब्द नाही. नवव्या दिवशी पायरीवर दाढेच्या गोळ्यांची पट्टी ठेवून गेली.

त्याच संध्याकाळी त्याने घरी जाऊन आईपुढे तो जुना स्क्रू ठेवला. आईने चष्मा लावला.

"कंपासपेटीतलाच ना? अरे, तुझं दप्तर मीच भरायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबले होते. बराच वेळ घेतलास हो."

बाराव्या दिवशी लिफ्ट सुरू झाली. कंपनीच्या थोरल्या इंजिनियरने तपासून सही केली होती, तरी डॉक्टरीणबाईंची आई हलेना.

"तो येतोय का सोबत? तर येते."

तो आला. दोघं लिफ्टने सातव्यावरून खाली उतरले. वाटेत म्हातारी एवढंच म्हणाली, "तोंड सुजलंय तुझं. माझ्या मुलीला दाखव एकदा."

तो दवाखान्याच्या खुर्चीत बसल्यावर डॉक्टरने नवा फॉर्म पुढे केला. "वाचून सही करा. या वेळी प्रत्यक्ष पाहणी करून."

त्याने ओळ न ओळ वाचली. शेवटी छापील मजकुराखाली तिच्या अक्षरात आणखी एक ओळ होती : 'दाढ बरी झाल्यावर रुग्णाने डॉक्टरला फिरायला न्यावे. जिन्याने.'

कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होत त्याने सही केली.

"भूल देणार आहात ना?" त्याने चाचरत विचारलं.

"बघू..." तिने इंजेक्शन उचललं. खळी पडली. "आधी आ कर, सुरवंटा."

'करा' नव्हतं. 'कर' होतं. त्याने आ केला, आणि मिटायचं बराच वेळ विसरला.