आठवणफरक

धनंजय शेलारांचा आठवणफरक यंदा मर्यादेबाहेर गेला आणि सून ओवी त्यांना मिरजेच्या स्मृतिकेंद्रात घेऊन आली.

पद्धत तशी सोपी होती. वर्षभरात आपण कुठल्या दवाखान्यात किती वेळा गेलो, हे प्रत्येकानं ऑनलाइन सांगायचं. विमा कंपनीकडे त्याची नोंद असतेच. मग पुन्हा विचारता कशाला, असं सुरुवातीला लोकांनी विचारून पाहिलं. त्यावर शास्त्रज्ञांचं म्हणणं असं, की माणूस जे सांगतो आणि नोंद जे सांगते, त्यांत पडणारा फरक हीच विस्मरणाच्या रोगाची पहिली चाहूल. या फरकाचं नाव आठवणफरक. तो फार वाढला, की माणसाचं घर, बँक आणि सही घरच्यांच्या हवाली होई. अर्थात, त्याच्याच काळजीपोटी.

शेलारांनी लिहिलं होतं, ‘एकदाही गेलो नाही.’ नोंद म्हणत होती, जवळजवळ दर आठवड्याला.

ओवी गाडी लावायला गेली तशी डॉ. अलमास मुजावर यांनी खुर्ची पुढे ओढली. आठवणफरकाचं हे गणित त्यांनीच बसवलं होतं.

“काका, खरंच आठवत नाही?”

“सगळं आठवतं,” शेलार जमिनीकडे बघत म्हणाले. “खोटं लिहिलं.”

“कशाला? औषध तर एकदाही घेतलेलं दिसत नाही.”

“काही होतच नव्हतं, तर औषध कशाचं?” शेलारांनी चष्मा पुसला. तो स्वच्छच होता. “त्या दवाखान्यात अजून हातानं बीपी बघतात. सिस्टर दंड धरते, पट्टा बांधते. ‘सैल सोडा काका’ म्हणते. बास, तेवढंच. बायको, मालती, गेल्यापासून मला कुणी हात लावलेला नाही हो. घरी सगळं वेळच्या वेळी असतं. जेवण, चहा, इस्त्रीचे कपडे. पण हे कुणाला सांगायचं? भूगोल शिकवण्यात जन्म गेला माझा, असलं बोलायला कुठं शिकलो?”

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “आमचं यंत्र फरक मोजतं, काका. त्यामागचं कारण त्याला कळत नाही.”

“मग तुम्ही कळवा त्याला.”

“कळवते. पण खुलासा घरच्यांच्या समोर द्यावा लागतो. आत्ता जे मला सांगितलंत, ते ओवीसमोर सांगा. लगेच मोकळे व्हाल.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“तर मला विस्मरण लिहावं लागेल.”

तेवढ्यात ओवी आत आली. कपाळावर घाम, हातात सासऱ्यांसाठी घेतलेली पाण्याची बाटली. या पोरीनं आपलं काय कमी केलं, असं शेलारांना वाटलं. हिच्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे तुझ्या घरात मी उपाशी आहे, असं चारचौघांत सांगण्यासारखं होतं.

“काका?” डॉक्टरांनी आठवण केली. “त्या दवाखान्याचं सांगत होतात.”

“कुठला दवाखाना?” शेलार म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. शेलारांनी मान खाली घातली. मग डॉक्टरांनी लिहायचं ते लिहिलं. लिहिताना त्यांच्या मनात आलं, आतापर्यंत आपण विस्मरणाचा शिक्का मारला त्यांतल्या किती जणांना सगळं लख्ख आठवत असेल? हे मोजायला त्यांच्याकडे गणित नव्हतं.

बाहेर जिना होता. ओवीनं शेलारांचा हात धरला, घट्ट, लहान मुलाचा धरावा तसा. “सावकाश, बाबा.” तिचे डोळे भरून आले होते. दुसरा हात तिनं त्यांच्या पाठीवरून फिरवला.

शेलारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात मात्र त्यांनी सोडवून घेतला नाही.

“बाबा, मी कोण ते तरी ओळखता ना?” तिनं भीतभीत विचारलं.

ओळखतो म्हटलं असतं, तर बहुधा तिनं हात सोडला असता.

“नाही बाई,” शेलार म्हणाले.