सुधारलेला फोन

"मला भरपाई नको," शिंपीणबाई म्हणाल्या. "त्याच्या दुकानाला कुलूप लागलेलं बघायचंय. बस्स."

त्यांनी पिशवीतून फोन काढून टेबलावर ठेवला. कव्हरवर कापडाला खुणा करायच्या खडूचे निळे-पांढरे डाग होते. ताईंनी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह उजळलं, विझलं, पुन्हा उजळलं. त्यापुढे फोन काही सरकेना.

ताई म्हणजे खाजगी तपास करणाऱ्या बाई. उमेदीची वर्षं त्यांनी विमा कंपनीत घालवली होती, मालकांनी स्वतःच जाळलेल्या गोदामांचे खोटे दावे पकडण्यात. लोक त्यांना घाबरत, आणि अडचणीत आले की त्यांच्याकडेच येत. शेजारच्या खुर्चीवर जावईबापू बसले होते. ते ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, निवृत्त भूगोल शिक्षक. तपासात त्यांचा नेमका उपयोग काय, याचा शोध ताईंनाही अजून लागलेला नव्हता.

शिंपीणबाईंची हकीकत लांबली, पण मुद्दा एवढाच होता. थोरला मुलगा तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात गेला. त्याआधी थोडेच दिवस त्याने आईला फोनवर आपल्या आवाजात निरोप पाठवला होता. त्याचा तेवढाच आवाज जगात उरला होता. रोज संध्याकाळी गिऱ्हाइकं कपडे न्यायला आली की बाई तो निरोप मोठ्यानं लावत, दार उघडं ठेवून.

"काय म्हणतो तो त्यात?" ताईंनी विचारलं.

"म्हणतो, 'आई, हिनं माझं वाटोळं केलं. हिच्यापायी एक दिवस जीव गमावून बसेन मी.' आणि आठवड्याच्या आत गेला." बाईंचा आवाज जराही हलला नाही. "ही म्हणजे माझी सून. अजून माझ्याच घरात आहे. जाईल कुठे? राहू दे माझ्या डोळ्यांसमोर. रोज ऐकू दे."

जावईबापूंनी घसा खाकरला आणि खिडकीबाहेर पाहिलं.

फोन मुलानेच घेऊन दिलेला. आईला आणि बायकोला अगदी एकसारखे, म्हणजे घरात तक्रार नको. पण बाई रोज तो निरोप लावू लागल्या तेव्हापासूनच तो संपला की त्यांचा फोन गोठायचा. कितीही बोट आपटा, ढिम्म. बंद करून पुन्हा चालू करावा लागे.

"पण तेवढं मला चालत होतं," बाई म्हणाल्या. "मी कुणाला दुरुस्त कर म्हटलं नव्हतं. धाकट्यानं परस्पर दुकानात नेला, आणि त्या मेल्यानं त्यात नवा अपडेट घातला. साधा पुसूनसुद्धा दिला नाही हो! एरवी भोकांतला खडू तरी काढून देतो."

"आणल्यावर त्या संध्याकाळी चालला?"

"चालला." बाईंनी पिशवीची चेन ओढून लावली. "सकाळी बघते तर हे असं."

"निरोप आणखी कुठे साठवून ठेवला होता?"

"माझ्या मुलाचा आवाज मी दुसऱ्या कुणाच्या हाती देईन का?"

ताईंनी कव्हर काढलं. टेबलावरची टाचणी घेऊन तिचं टोक चार्जिंगच्या भोकात फिरवलं, मग खालच्या स्पीकरच्या बारीक छिद्रांत. टाचणी पांढऱ्या रुमालावर टेकवली. रुमाल पांढराच राहिला. त्यांनी कव्हर पुन्हा चढवलं आणि काम घेतलं.

शिंपीणबाई गेल्यावर जावईबापूंचा बांध फुटला. आपण घेतल्यापासून एकही अपडेट फोनला शिवू दिलेला नाही, चालत्या गाडीला खीळ घालायची ही कंपन्यांची चाल आहे, फोन मुद्दाम मंद करतात म्हणजे माणूस नवा घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तुमचा फोन चालतो कसा?" ताईंनी विचारलं.

"रडतखडत. पण मूळचा आहे तसा."

दुकानाची दर्शनी काच फुटली होती. तिच्या जागी पुठ्ठा चिकटवला होता. आत दुरुस्तीवाला एकटाच बसला होता, आणि समोरची गिऱ्हाइकांची बाकं रिकामी होती. काच धाकट्याने फोडल्याचं सगळ्या गल्लीला माहीत होतं. कुणी त्याला अडवलं नव्हतं. त्यानंतर दुकानात येणाऱ्यांनी वाट बदलली होती.

"अपडेटनं फोन बिघडतो की सुधारतो, ते सांगा," जावईबापूंनी तोंड उघडताच बॉम्ब टाकला.

दुरुस्तीवाला कंटाळून हसला. "दोन्ही होतं, साहेब. पहिले एक-दोन दिवस फोन गरम होतो, बॅटरी खातो. तेवढ्यात लोक बोंब मारतात. मग बसतो जागेवर. फार जुन्याला नवा अपडेट झेपत नाही, तो मंदावतो, हेही खरं. ह्याच मॉडेलचे माझ्याकडे इतक्यात चार आले. तीन पहिल्यापेक्षा चांगले चालायला लागले. एक अपडेट होता होताच गेला. पण तो आधी पाण्यात पडलेला. आतून गंजला होता, मी दोष कुणाला देऊ?"

"आणि शिंपीणबाईंचा?" ताईंनी विचारलं.

"मावशींचा मस्त झाला होता. गोठायचा बंद झाला. मी इथेच चालवून बघितला." त्याने मान खाली घातली. "साफ मात्र केला नाही, ते खरं. धाकटे घाईत होते. नाहीतर त्यांच्या फोनची भोकं कायम बुजलेली असतात, खडू आणि सुताचे तंतू. तसाच दिला. पण त्यानं फोन मरत नाही हो."

"तुमच्यावर कुणाचा राग?"

"आता सगळ्यांचाच आहे," तो म्हणाला. "माझी मुलगी शाळेतून येते ती मागच्या गल्लीनं येते. कोण जबाबदार आहे ते कळलं ना, तर त्याला मीही सोडणार नाही."

सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. एक पेशंट गेला होता आणि दुसरा यायचा होता. ताईंशी बोलताना तिचे हात थांबले नाहीत. तिने स्पिरिटच्या बोळ्याने हत्यारांचा ट्रे पुसला, खुर्चीचे हात पुसले, दिव्याचा दांडा पुसला. तेवढ्यात तिच्या खिशातला साधा बटणांचा फोन वाजला. तो बंद करून तिने तोही पुसला, आणि चूळ भरायच्या छोट्या बेसिनच्या कडेला ठेवायला गेली. मग विचार बदलून खिशात टाकला.

"इथे काही ठेवलं की पडतंच," ती म्हणाली.

"हाच वापरता?"

"बोलायला पुरतो."

सासूबाईंच्या फोनबद्दल तिने तुटक उत्तरं दिली. वाईट झालं म्हणाली. चेहऱ्यावर मात्र वाईट वाटल्याचं काही नव्हतं. जावईबापूंनी तिला हळूच विचारलं, की तीन वर्षं रोज तो निरोप ऐकताना तिला काय वाटायचं.

तिने बोळा डब्यात टाकला. "तुम्ही एकदा ऐकून बघितला असता तर विचारलं नसतं."

बाहेर आल्यावर जावईबापूंनी निकाल देऊन टाकला. "हिनंच काहीतरी केलं. फोन आपटला असेल."

"त्याच्यावर साधा ओरखडाही नाही, जावईबापू."

धाकटा गोदामात सामान चढवत होता. काच फोडल्याचं त्याने छाती काढून सांगितलं. दादाचा आवाज मारला त्याने, मग काच काय चीज आहे, असं त्याचं म्हणणं होतं. वहिनी मात्र मधे आली होती. हात धरून म्हणाली होती, त्याचा काय दोष? याचा धाकट्याला अजून राग होता.

"त्या संध्याकाळी फोन कसा चालला?"

"छान. गिऱ्हाइकं गेली होती, मी गच्चीवर होतो. उलट दादाचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत होता. शब्द कळले नाहीत." तो थबकला. "खाली आलो तर आई फोन छातीशी धरून बसली होती. वहिनी दारात उभी. दोघी बोलत नव्हत्या. पण त्या तशाही बोलत नाहीत."

ताईंनी त्याचे आभार मानले आणि त्या तडक परत दुकानात गेल्या. आत जाऊन त्यांनी दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारला. जावईबापू दारात पुठ्ठा न्याहाळत होते, त्यांना उत्तर ऐकू आलं नाही. परतताना ताई एवढंच म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी सगळ्यांना बाईंच्या घरी बोलवा. निरोप लावायच्या वेळेला."

शिवणाच्या खोलीत दोन मशीनं, कापडांचे गठ्ठे आणि मधोमध कापायचं मोठं टेबल होतं. दुरुस्तीवाला दाराशी उभा राहिला, कुणी त्याला बस म्हटलं नाही. सून भिंतीला टेकली होती. कपडे न्यायला आलेल्या दोघी-तिघी बायका काय चाललंय ते बघायला थांबल्या, आणि ताईंनी त्यांना जाऊ न देता दार लोटून घेतलं.

"बाई, तुमचा फोन अपडेटनं मेला नाही," ताई म्हणाल्या. "तुमचा फोन मेलेलाच नाही."

त्यांनी कापायच्या टेबलावर मेलेला फोन ठेवला, कव्हर काढलं आणि पुन्हा एकदा टाचणी भोकातून फिरवली. "तुम्ही म्हणालात, ह्या वेळी खडू काढून दिला नाही. दुरुस्तीवालाही तेच म्हणाला. दोघांचा एकमेकांवर दात, तरी एवढ्या गोष्टीत एकमत. मग भोकं बुजलेली हवीत. ही बघा, लख्ख आहेत. कव्हर तुमचं आहे. आतला फोन तुमचा नाही."

ताईंनी कव्हर बाजूला ठेवलं.

"असाच दुसरा फोन ह्या घरात एकीकडेच होता. ती दवाखान्यात काम करते. हाताला लागेल ते स्पिरिटनं पुसते, तिचा फोनही वर्षानुवर्षं पुसलेला. तिथे बेसिनमध्ये वस्तू पडतात. दुरुस्तीवाल्याकडे पाण्यात पडलेला एक फोन अपडेट होता होता गेला होता. कुणाचा, ते मी काल विचारलं. ह्या सूनबाईंचा. त्यांनी घरी सांगितलं नाही आणि बटणांचा फोन वापरायला लागल्या. मग एका रात्रीत कव्हर बदललं, सिम बदललं. सिम काढायला टाचणी लागते, आणि शिंपिणीच्या घरात टाचण्यांना काय तोटा! फक्त भोकात घाण भरायचं सुचलं नाही. जिचा जन्म पुसण्यात गेला, तिला स्वच्छ असणं ही चूक वाटणार कशी?"

"म्हटलं नव्हतं का मी!" जावईबापू म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

"हडळ," शिंपीणबाई पुटपुटल्या. "माझ्या पोराला खाल्लंस, आता त्याचा आवाज..."

"थांबा, बाई. तीन वर्षं तिनं तो निरोप सोसला. फोनला हात लावला नाही. मग त्याच रात्री का?" ताई टेबलाला टेकल्या. "कारण फोन सुधारला. आधी निरोप संपला की तो गोठायचा. अपडेटनंतर गोठला नाही. एक निरोप संपला की पुढचा आपोआप वाजतो, तसा वाजला. धाकट्यानं गच्चीवरून ऐकलं की आवाज जास्त वेळ आला. दुसरा निरोप होता, बाई. तुम्ही तो आला त्याच दिवशी ऐकला होता. म्हणूनच फोन दुरुस्त झालेला तुम्हाला नको होता."

शिंपीणबाईंच्या गळ्यात मोजायची टेप होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

सून भिंतीपासून पुढे आली. तिने आपल्या पिशवीतून फोन काढला. त्याच्या स्पीकरची छिद्रं खडूने पांढरी झालेली होती.

"पुसला नाही," ती म्हणाली. "एकही निरोप पुसला नाही. पहिल्यांदाच काहीतरी न पुसता ठेवलं मी." ती सासूकडे वळली. "तीन वर्षं तुम्ही मला त्यांचा आवाज ऐकवलात, आई. म्हटलं, आता तुम्ही थोडी शांतता ऐका. बघा कशी लागते."

"आणि माझी काच?" दुरुस्तीवाला दाराशी उभा राहूनच म्हणाला. "माझी पोरगी तोंड लपवून शाळेत जाते. तुमच्या घरच्या भांडणात मी तुमचं काय घोडं मारलं होतं?"

सुनेने मान खाली घातली. एवढ्या वेळात तिचा चेहरा पहिल्यांदाच पडला. तिचा सूड भलत्याच माणसाला लागला होता आणि ते तिला तेव्हाच माहीत होतं, असं ताईंनी तिला तोंडावर सांगितलं. तिने नाकारलं नाही. उद्या दवाखान्यात, गल्लीत, प्रत्येकाला स्वतः सांगेन म्हणाली. धाकट्याने कुणाकडे न बघता, काच मी बसवतो, एवढंच म्हटलं.

"दे तो," शिंपीणबाईंनी हात पुढे केला. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "माझा आहे. माझं पोरगं गेलं गं. कुणावर तरी राग काढायला नको का मी?"

"देते. आधी दार उघडा," सून म्हणाली. "रोज उघडता तसं. ह्या सगळ्या रोज ऐकतात, आज पुढचंही ऐकू दे."

बाई उठल्या नाहीत. जावईबापू उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं. आयुष्यात त्यांनी तपासात केलेलं ते पहिलं उपयोगी काम.

सुनेने टेबलावर फोन ठेवला आणि बोट टेकवलं. बुजलेल्या छिद्रांतून तरुण माणसाचा संतापलेला आवाज बारीक, घोगरा येऊ लागला. हिनं माझं वाटोळं केलं. दारातल्या बायकांना ते पाठ होतं. शिंपीणबाईंचे ओठही सवयीने हलले. निरोप संपला.

बाई पडद्याकडे टक लावून बसल्या. आजवर तो इथेच गोठायचा. ह्या वेळीही गोठावा म्हणून त्यांनी डोळे मिटले.

फोन गोठला नाही.

"आई," तोच आवाज म्हणाला, आता शांत, थकलेला. "काल रागात बोललो. नोकरी माझ्या चुकीनं गेली. हिनं ते सगळ्यांपासून झाकून ठेवलं, आणि मी हिलाच बोल लावला. कालचं ते पुसून टाक. कुणाला ऐकवू नकोस."